कम्युनिटी कॉलेजांतून विद्यापीठांत : पूर्वतयारीचा विचार

विद्यापीठाची पदवी मिळवावयाची तर सारीं वर्षें विद्यापीठांतच काढलीं पाहिजेत, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंत मात्र याहून निराळी एक वाट शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. पहिलीं दोन वर्षें घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांत काढावयाचीं आणि उरलेलीं दोन विद्यापीठांत, अशी ती वाट होय. आपल्या वाचकांपैकीं ज्यांचे आप्त तिकडे स्थायिक झाले आहेत, किंवा ज्यांच्या मनांत पुढें तिकडे शिकावयास जाण्याचें आहे, त्यांस ही माहिती उपयोगीं पडेल. इतरांसही पूर्वतयारी कशास म्हणतात, याचा एक चांगला धडा तींत सांपडेल.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेनें इ. स. १९०१ मध्यें इलिनॉय राज्यांतील जोलिएट या गांवीं असें पहिलें सार्वजनिक कॉलेज निघालें. कॅलिफोर्नियांत त्याचा आरंभ इ. स. १९१० मध्यें फ्रेस्नो येथें झाला. आज एकट्या कॅलिफोर्नियांत अशीं ११६ कॉलेजें आहेत. इ. स. २०१२ पासून तेथील रहिवाशांस दर युनिटास ४६ डॉलर फी पडते; बाहेरून येणाऱ्यांस मात्र याच्या कितीतरी पट द्यावी लागते. ही वाट दुय्यम दर्जाची आहे असें कोणीं समजूं नये. अंतराळयानाच्या पहिल्या स्त्री-सेनानी आयलीन कॉलिन्स यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजांतून इ. स. १९७६ मध्यें शिक्षण पुरें केलें, आणि इ. स. १९७८ मध्यें सिराक्यूज विद्यापीठाची पदवी मिळविली.

तथापि वाट खुली आहे म्हणून ती आपोआप कोणास मुक्कामास पोंचविते असें नाहीं. विद्यापीठाचें स्वप्न घेऊन या कॉलेजांत नांव घालणारे पुष्कळ. तेथवर जाणारे त्यांहून कमी. कित्येकांची बुद्धि तोकडी पडत नाहीं, योजना तोकडी पडते. म्हणून कॅलिफोर्नियाचेंच उदाहरण घेऊन या योजनेचीं अंगें पाहूं.

पहिलें अंग वेळाच्या हिशोबाचें. कॅलिफोर्निया विद्यापीठांत तिसऱ्या वर्षास प्रवेश मिळण्यास, विद्यापीठ मान्य करील अशीं ६० सत्र-युनिटें पुरीं व्हावीं लागतात. एका सत्रांत १२ युनिटें घेणारा विद्यार्थी पूर्णवेळ समजला जातो. परंतु चार सत्रांत बारा बारा घेतल्यास बेरीज ४८ होते. १२ उणीं पडतात! तेव्हां दर सत्रास १५ तरी घ्यावींत, अथवा उन्हाळ्याच्या सुट्टींत उणीव भरून काढावी. एका युनिटामागें आठवड्यास वर्ग व घरचा अभ्यास मिळून सुमारें तीन तास लागतात, असें धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे पंधरा युनिटांस ४५ तास झाले. पोटासाठीं नोकरी करून शिकणाऱ्यानें हा हिशोब आधींच मांडावा, आणि जरूर तर तीन वर्षें लावावींत. त्यांत कमीपणा नाहीं. अर्धवट अभ्यासानें नापास होण्यांत मात्र तोटा आहे.

दुसरें अंग विषयांच्या क्रमाचें. ज्यास अभियांत्रिकी शिकावयाची आहे, त्यानें कॅल्क्युलसचे तीन भाग, त्यानंतर रेषीय बीजगणित व विकलक समीकरणें, असे विषय विद्यापीठांत जाण्यापूर्वींच पुरे करावे अशी बहुधा अपेक्षा असते. हे विषय जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत. मधली पायरी सोडून वर चढतां येत नाहीं. पहिल्याच सत्रांत कॅल्क्युलसास आरंभ केला, तर चौथ्या सत्रांत माथा गांठतां येतो. त्रिकोणमितीची उजळणी करण्यांत एक सत्र गेलें, तर हाच जिना पांच सत्रांचा होतो. पदार्थविज्ञानही कॅल्क्युलसावर अवलंबून असल्यामुळें तेंही मागें सरतें. यासाठीं योजना शेवटापासून आरंभाकडे आंखावी : कोणत्या विद्यापीठांत, कोणत्या शाखेस जावयाचें, तेथें काय लागतें, हें आधीं पाहून मग पहिल्या सत्राचे विषय निवडावे. शाळेंत असतांनाच गणित पक्कें केलेल्या मुलाचें एक सबंध सत्र वांचतें, हें येथें ध्यानांत येईल.

कॉलेजाचा कोणता विषय विद्यापीठाच्या कोणत्या विषयाच्या तोडीचा धरला जातो, याचे करार कॅलिफोर्नियांत जाहीर झालेले असतात, आणि 'असिस्ट' नांवाच्या संकेतस्थळावर ते कोणासही पाहावयास मिळतात. मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहतां विद्यार्थ्यानें ते स्वतः वाचावे, आणि कॉलेजांतील सल्लागारांसमवेत बसून लेखी योजना करावी. इ. स. २०२५ च्या शरद् सत्रापासून सामान्य शिक्षणाच्या विषयांची 'कॅल-जीईटीसी' ही एकच यादी तेथील दोन्ही सरकारी विद्यापीठ-संघांस चालते. तथापि अभियांत्रिकीसारख्या शाखांत सामान्य विषयांपेक्षां मुख्य विषयाची तयारी आधीं करावी, हेंच हिताचें.

तिसरें अंग गुणांचें. ए या श्रेणीस ४, बीस ३, सीस २ असे गुण धरून, युनिटांच्या वजनानें सरासरी काढतात. पांच युनिटांच्या गणितांत सी आणि एका युनिटाच्या व्यायामांत ए मिळाला, तर सरासरी ३ नव्हे, २.३३ होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची किमान अट तेथील रहिवाशांस २.४ व इतरांस २.८ अशी आहे. किमान अट म्हणजे केवळ उंबरठा. नामांकित शाखांत प्रवेश मिळण्यास याहून पुष्कळ अधिक गुण लागतात. त्या विद्यापीठाचीं सहा केंद्रें ठराविक अटी पुऱ्या करणारास प्रवेशाची हमी देतात. बर्कली व लॉस एंजेलिस हीं त्यांत नाहींत.

चौथी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां येते. विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत भरावयाचा असतो. त्या वेळीं हातीं निकाल असतात ते बहुतेक पहिल्या वर्षाचेच. म्हणून "पहिलें वर्ष रुळण्यांत गेलें, दुसऱ्यांत भरून काढूं" हा विचार घातक ठरतो. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं.

विद्यापीठांत पोंचल्यावरही सावध राहावें. तेथील बहुतेक केंद्रांत सत्र सुमारें दहाच आठवड्यांचें असतें. कॉलेजाच्या संथ चालीची संवय झालेल्या मुलास पहिली परीक्षा डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच येऊन ठेपते. पहिल्या सत्रांत गुण थोडे घसरले म्हणून धीर सोडूं नये. यास्तव कॉलेजांत असतांनाच लांब निबंध लिहिण्याची, स्वतः पुस्तकें धुंडाळण्याची व शंका घेऊन अध्यापकांकडे जाण्याची संवय जडवावी.

आपल्याकडेही तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्यांस अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळूं शकतो. त्यांसही हेंच लागू आहे. पालकांनीं मुलास "अमक्याचा मुलगा थोर विद्यापीठांत गेला, तूं येथेंच राहिलास" असें म्हणून त्याचें मन मोडूं नये. उलट दर सत्राच्या आरंभीं त्याच्याजवळ बसून त्याची योजना ऐकून घ्यावी. विद्यार्थ्यांनींही ध्यानांत ठेवावें कीं, कोठून निघालों याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु कोठें जावयाचें हें निघण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे.