मुखपृष्ठं उरली, टिपणं गेली

थिएटरच्या दारात सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका विकत मिळायच्या, त्या आमच्या अण्णांनी आयुष्यभर जपल्या. त्यांची आणि घरातल्या व्हीसीडींची नोंद मी संगणकावर करायला घेतली. अ‍ॅक्सेसमध्ये तक्ता केला: नाव, वर्ष, दिग्दर्शक, मुखपृष्ठ आणि शेवटी 'अण्णा सांगतात' असा एक रकाना. रात्री जेवणं झाली की मी पुस्तिका स्कॅनरवर ठेवायचो आणि अण्णा बोलायचे. 'संत तुकाराम' त्यांनी जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला होता. शेवटी विमान आलं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं पडद्याला हात जोडले, हे सांगताना त्यांचेही हात जुळायचे.

चूक माझीच होती. पुस्तिका वीतभर असली तरी मी स्कॅनरच्या काचेचा अख्खा ए-४ आकार ३०० डीपीआयवर घ्यायचो. म्हणजे २४८० बाय ३५०८ ठिपके. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर चित्र २६ एमबीचं. जेपीजी केल्यावर ते एक-दीड एमबीचं दिसायचं, म्हणून मी निर्धास्त. पण मी ते तक्त्याच्या ओएलई रकान्यात चिकटवत होतो, आणि त्या जुन्या पद्धतीत मूळ जेपीजीसोबत तिचं न दाबलेलं रूपही आत साठत होतं. अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी. पाऊणशे पुस्तिकांतच ती भरणार, हा हिशेब मी कधी मांडलाच नाही.

खरा घात मात्र त्याच्या आधीच झाला होता. सुरुवातीला दर रविवारी मी फाइलची सीडी करून ठेवत असे. पंचविसाव्या सिनेमानंतर फाइल ७०० एमबीच्या वर गेली, सीडीत मावेना. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत राहिलो. सत्तरावी नोंद चालू असताना लाईट गेली. पुन्हा सुरू केल्यावर फाइल उघडलीच नाही. दुरुस्तीची सोय वापरली, जाणकारांना दाखवली. काही हाती लागलं नाही. आणि अण्णा त्याच्या दोन महिने आधीच गेले होते.

पुस्तिका कपाटात होत्या, चित्रं पुन्हा काढता आली. अण्णांचे शब्द गेले. सत्तर नोंदींचा सगळा मजकूर एक एमबीही नव्हता. फ्लॉपीवरसुद्धा मावला असता. जड चित्रांच्या गळ्यात तो बांधला मी.

म्हणून सांगतो. मोठी चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तक्त्यात फक्त फाइलचं नाव लिहा. नावात नोंदीचा क्रमांक घाला: '०४१-पिंजरा-१९७२'. फोल्डरचा पूर्ण पत्ता प्रत्येक ओळीत लिहू नका, एकाच जागी ठेवा. नाहीतर संगणक बदलला की सगळी चित्रं हरवल्यासारखी दिसतात. या पद्धतीत एक पथ्य पाळावंच लागतं, मागाहून फाइलींची नावं बदलायची नाहीत. यादीत दिसायला लहान चित्र हवं असेल तर सहाशे ठिपक्यांची छोटी प्रत करा. ती तक्त्याच्या आत ठेवली तरी चालते. एसक्यूलाइट हा अ‍ॅक्सेससारखाच डेटाबेस; तो बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या चाचण्यांतही साधारण १०० केबीपर्यंतची चित्रं आत ठेवलेलीच वेगानं वाचली जातात.

आधीच चित्रं आत भरली असतील तर नुसती खोडून फाइल हलकी होत नाही. अ‍ॅक्सेसमध्ये 'कॉम्पॅक्ट' करावं लागतं, एसक्यूलाइटमध्ये 'व्हॅक्यूम'. त्याआधी फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढाच. आणि महिन्यातून एकदा नुसता मजकूर सीएसव्ही करून वेगळा ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आज माझ्या तक्त्यात २१२ सिनेमे आहेत आणि फाइल ३ एमबीचीही नाही. सव्वीस ते सत्तर या नोंदींचा शेवटचा रकाना रिकामा आहे.