पॅप स्मिअरच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्या मुलीला

बाळा, स्लाइड लेन्सखाली घेण्याआधी फॉर्म वाच. वय, शेवटची पाळी, तक्रार. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे इतक्या फॉर्मवर असतं की नजर सरकून पुढे जाते. पण ‘पाण्यासारखं, सतत’ असं कुणी लिहिलं असेल तर थांब. गर्भाशयमुखाचा गॅस्ट्रिक टाइपचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा पुष्कळदा अशीच तक्रार घेऊन येतो.

हा फार फसवा. पेशी देखण्या असतात, सायटोप्लाझम भरपूर, न्यूक्लियस फारसा बिघडलेला नाही. नॉर्मल एन्डोसर्व्हिकल म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. अशा वेळी पेशींचे एवढे थर आले कुठून, हे स्वतःला विचार आणि म्यूसिनचा रंग बघ. एरवी पॅप स्टेनमध्ये तो गुलाबी-जांभळट असतो, इथे सोनेरी पिवळा दिसू शकतो. स्टेन जुना झाला असेल तर हा फरक हाती लागत नाही, म्हणून रोज सकाळी आधी कंट्रोल स्लाइड तपासायची. एचपीव्ही निगेटिव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, हा कॅन्सर त्या विषाणूमुळे होत नाही. 2020 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तर एचपीव्हीमुळे होणारे आणि त्याविना होणारे असे दोन गटच वेगळे केलेत. ओठांवर काळे ठिपके, घरात कुणाला आतड्याचे पॉलिप अशी नोंद दिसली तर प्यूट्झ-जेघर्स सिंड्रोम आठव.

स्मॉल सेल कार्सिनोमाचं मात्र उलट. दहाच्या लेन्सवर नुसते गडद ठिपके दिसतात आणि हात आपोआप ‘लिम्फोसाइट्स’ लिहायला जातो. तेव्हा चाळीसवर जा. लिम्फोसाइट सुटे पडतात, एकमेकांना दाबत नाहीत. इथे न्यूक्लियस डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकमेकांवर दाबून चपटे झालेले असतात. सायटोप्लाझम जेमतेम, क्रोमॅटिन बारीक आणि सगळीकडे सारखं पसरलेलं, न्यूक्लिओलस जवळपास दिसतच नाही. कुठेकुठे क्रोमॅटिनचे ओढलेले निळे फराटे, शेजारी मेलेल्या पेशींचा कचरा. पाळीच्या दिवसांतल्या एन्डोमेट्रियल पेशीही लहान आणि गच्च असतात, म्हणून तर शेवटच्या पाळीची तारीख आधी बघायची. स्मॉल सेल लवकर पसरतो, त्याची केमो वेगळी असते. त्याला नुसतं ‘हायग्रेड’ म्हणून मोकळं होणं मला कधीच पटलेलं नाही.

मोठा ठसठशीत न्यूक्लिओलस, सुट्या पेशी आणि तपकिरी रंगद्रव्य दिसलं तर मेलॅनोमा मनात आण. काचेसारखा धुरकट सायटोप्लाझम आणि भोवती इओसिनोफिल असतील तर ग्लासी सेल. हे क्वचितच भेटतील, पण नावं लक्षात असू देत.

स्मिअर घेणाऱ्या सिस्टरलाही सांगून ठेव: काचेवर पसरलं की लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये. वाळलेल्या स्लाइडवर न्यूक्लियस फुगतो, क्रोमॅटिन पुसट होतं, आणि वर सांगितलेलं काहीच धड दिसत नाही.

रिपोर्टमध्ये पॅपवरून शेवटचं नाव ठोकून देऊ नकोस. स्मॉल सेल वाटला तर ‘घातक पेशी, न्यूरोएन्डोक्राइनची शंका’ असं लिही, बायोप्सी आणि तिच्यावर सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन हे मार्कर सुचव. मग स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतः फोन कर. बाई गावाकडची असेल तर रिपोर्ट न्यायला ती महिनाभर येणार नाही, तिचा नंबर फॉर्मवर आहे का तेही त्याच वेळी बघ.