सहगुणक सारखे, मग स्टँडर्ड एरर वेगळा का?

प्रश्न : पीएच.डी.साठी मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती स्टाटामध्ये तपासते आहे. साधं रिग्रेशन आणि ‘एसव्हीवाय’ लावलेलं रिग्रेशन, दोन्हींत भार तोच दिला. सहगुणक तंतोतंत जुळतात, स्टँडर्ड एरर जुळत नाही. माझं काय चुकतंय?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचं काहीच चुकलेलं नाही. साधी आज्ञा प्रत्येक महिला स्वतंत्रपणे निवडली असं धरते. सर्वेक्षणात मात्र आधी गाव किंवा शहरी वस्ती निवडतात, मग तिथली सुमारे 22 कुटुंबं. एकाच गावातल्या बायकांचं पाणी, दवाखाना, शाळा बहुधा एकच; त्यामुळे उत्तरंही एकमेकींसारखी येतात. 22 मुलाखतींतून 22 जणींइतकी नवी माहिती मिळत नाही. ‘एसव्हीवाय’ हे लक्षात घेतं, साधी आज्ञा घेत नाही; म्हणून भार तोच असल्याने सहगुणक जुळतात, पण स्टँडर्ड एरर वेगळा येतो.

घरटी एक महिला आणि गावांतर्गत साधर्म्य 0.05 धरू. सरासरी काढताना 1 + 21 × 0.05 = 2.05, म्हणजे व्हेरिअन्स दुपटीहून थोडा जास्त. त्याचं वर्गमूळ घेतलं की स्टँडर्ड एरर सुमारे 1.43 पट होतो.

स्टाटात ‘एसव्हीवायसेट’, आरमध्ये ‘सर्व्हे’ पॅकेज, एसपीएसएसमध्ये ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ वापरता येतं. तिन्हींना समूह (म्हणजे निवडलेलं गाव किंवा वस्ती), स्तर आणि भार सांगावे लागतात. महिलांच्या फाइलमधला भार 10 लाखांनी भागून घ्या.

एक खबरदारी घ्या. फक्त गरोदर महिला अभ्यासायच्या असतील, तर बाकीच्या नोंदी खोडू नका; स्टाटातला ‘सबपॉप’ हा पर्याय वापरा.

प्रबंधात ‘एसव्हीवाय’चेच आकडे द्या आणि समूह, स्तर, भार कोणते घेतले तेही स्पष्ट लिहा.