शब्बाथशाळेसाठी पाठ : धीराने धावणे

शास्त्रपाठ : इब्री 12:1-3; 1 करिंथ 9:24-27; गलती 6:9

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या मुलांना क्रिकेटचे भारी वेड. तेव्हा ह्या पाठासाठी जवळच्याच सांगलीचे उदाहरण घेऊ.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीस एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. 1934-35 च्या हंगामापासून 1966-67 पर्यंत ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. पहिली कसोटी मिळाली ती 1946 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तरी 30 कसोट्यांत त्यांनी 2192 धावा काढल्या.

1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात 387 धावा केल्या. त्यांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांचे बंधू विवेक ह्यांच्यासह त्यांनी 300 धावांची भर घातली. त्यात विवेकच्या धावा केवळ 21. तरीही संघ डावाने हरला. 1948 साली अॅडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके केली; तेथेही भारत डावाने हरला. पुढे फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधार हजारे होते. पण शतके रॉय व उम्रीगर ह्यांची, आणि 12 बळी मंकडचे.

प्रिय शिक्षकहो, ह्यात आपल्यासाठी बोध आहे. दर रविवारी चारपाच मुलांसमोर वर्षानुवर्षे शिकवूनही फळ दिसत नाही, तेव्हा वर्ग सोडून द्यावासा वाटतो. पौल गलतीकरांस सांगतो की, चांगले करताना थकू नये. पीक योग्य वेळी पदरी येते. ती वेळ प्रभूच्या हाती आहे. कदाचित कापणी दुसराच करील. आपल्याला विवेकसारखे दुसऱ्या टोकाला उभे राहण्याचे काम मिळाले असेल, तर तेही त्याच डावातले काम आहे.

एकदिवसीय सामन्यांच्या एका राष्ट्रीय करंडकाला आज हजाऱ्यांचे नाव आहे. हा मान मोठा खरा. तथापि पौलाच्या शब्दांत तो नाशवंत मुगुटच. आपली दृष्टी वधस्तंभ सोसणाऱ्या येशूकडे असावी.

मुलांना विचारा :
1. हरत असतानाही नीट खेळावे, ते का?
2. विवेकच्या 21 धावांचे मोल काय?
3. आपल्या मंडळीत न दिसणारे काम कोण करतात? त्यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करा.