आधी प्रयोगशाळा पाहा, मग फी भरा

अकरावी सायन्सला प्रवेश घ्यायला निघालेल्या आईवडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. कट-ऑफ कितीवर थांबेल, कुठल्या क्लासशी टाय-अप आहे, नीट आणि सीईटी दोन्ही झेपेल का, अकरावीचा पोर्शन कधी संपवतात. मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आणि आता मुलांना मार्गदर्शन करतो. एवढ्या वर्षांत ‘तुमची प्रयोगशाळा बघायला मिळेल का?’ असं विचारणारे पालक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

यात पालकांचा फारसा दोष नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचं असतं, आणि हे तीस गुण मिळतातच असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. नीट, जेईई आणि सीईटीत तर प्रात्यक्षिक नसतंच. ज्याचा रँकवर परिणाम होत नाही त्यात मुलाचा वेळ का घालवायचा, हा विचार म्हणूनच घराघरांत होतो. प्रवेशापुरता तो हिशेब जुळतो. प्रवेशानंतर मुलाला जे पंचवीस-तीस वर्षं करायचं आहे, त्यात मात्र तो नडतो.

सुरुवात जर्नलपासून करू. अनेक ठिकाणी जर्नल कसं लिहिलं जातं ते सांगताना मला वाईट वाटतं. मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाचं जर्नल आणायचं आणि एक्स्टर्नल येण्याच्या आदल्या आठवड्यात रात्र जागून उतरवून काढायचं. टायट्रेशनचं उत्तर आधी ठरवायचं आणि ते यावं म्हणून तिन्ही रीडिंगं मागून बसवायची. खाडाखोड झाली तर व्हाइटनर लावायचा. मुलं हे लबाडी म्हणून करत नाहीत. जर्नल असंच लिहितात, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता हाच मुलगा एम.एस्सी. किंवा बी.फार्म. होऊन औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात लागला असं समजा. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगतात की नोंद पेनाने, काम चालू असतानाच करायची, नंतर आठवून नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चुकीचं कारण. व्हाइटनर टेबलावर असणं हासुद्धा तिथे गुन्हा ठरतो. जे लिहिलेलं नाही ते केलेलंच नाही, असं धरून तपासणी होते. म्हणजे अकरावी-बारावीत मुलाच्या हाताला जे वळण लागलं, नेमकं तेच नोकरीत मोडायचं असतं. सतराव्या वर्षी लागलेलं वळण पंचविसाव्या वर्षी मोडणं किती अवघड जातं, ते मी माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

अन्वेषण म्हणजे काय, हे मला एका मुलीमुळे पुन्हा नीट उमगलं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन चाललं होतं. द्रावण साधारण साठ ते सत्तर अंशांपर्यंत गरम करायचं, ब्युरेटमधून परमँगनेट थेंबथेंब सोडायचं आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग येत होता. हिच्या फ्लास्कमध्ये मात्र तपकिरी गढूळ काहीतरी झालं. शेजारच्या मुलीने तिला आपलं रीडिंग देऊ केलं. तिने ते घेतलं नाही, फ्लास्क घेऊन माझ्याकडे आली. मी उत्तर सांगितलं नाही. तिने काय काय घातलं ते क्रमाने लिहून काढायला लावलं. चौथ्या ओळीला तिचं तिलाच कळलं की विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालायचं राहिलं होतं. आम्ल कमी पडलं की परमँगनेटची क्रिया वेगळ्या वाटेने जाते आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका तयार होतो. पुस्तकातली ती ओळ वर्गातल्या साठही मुलांनी वाचलेली होती. तिला ती त्या दिवशी कळली. त्या दिवशीचं तिचं बिघडलेलं रीडिंग वर्गातलं सगळ्यांत मोलाचं रीडिंग होतं, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

शास्त्रीय तपासाचं सगळं कौशल्य एवढ्यातच आहे. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गडबड झाली तर मागे जाऊन प्रत्येक पायरी तपासता येईल अशी नोंद ठेवायची. आणि सुरक्षितता हा याहून निराळा विषय नाही. भिंतीवर नियमांचा तक्ता लावून ती येत नाही. ‘माझ्या हातात आत्ता काय आहे आणि मी पुढची कृती केली तर काय होईल’ हा प्रश्न कृतीच्या आधी विचारायची सवय म्हणजे सुरक्षितता. चांगला प्रयोग करणाराही हाच प्रश्न विचारत असतो.

याची एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना ही लस टोचली. त्यांपैकी एका बाटलीतून लस दिलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेले लोक सुखरूप राहिले. तरी चौकशीत ठपका ठेवला गेला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर. खरी गोष्ट गावात घडली होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली आणि 1907 मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. परळची आजची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. जमिनीवर पडलेला एक चिमटा, एकोणीस जीव, आणि एका माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं. प्रयोगशाळेत खाली पडलेली वस्तू तशीच उचलून वापरायची नाही, हा नियम मुलांना सांगताना मी ही गोष्ट सांगत आलो.

नियम कारणासकट सांगितला तरच मुलं तो पाळतात. ‘पाण्यात अ‍ॅसिड घाला, अ‍ॅसिडमध्ये पाणी नको’ हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते विचारलं की वर्ग शांत होतो. संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहून थोडं जास्त जड असतं, आणि पाण्यात मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच राहतं, जागच्या जागी उकळतं आणि अ‍ॅसिडसकट तोंडावर उडतं. उलट भरपूर पाण्यात अ‍ॅसिड हळूहळू सोडलं तर ते खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. हे एकदा समजलेला मुलगा ती चूक करत नाही. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कुणाकडेही का धरायचं नाही, वायूचा वास थेट नाकाला न लावता हाताने वारा घालून का घ्यायचा, पिपेट तोंडाने का ओढायची नाही, पेटता स्पिरिट लॅम्प तिरपा करून दुसरा का पेटवायचा नाही, या प्रत्येकाला असं कारण आहे. शिक्षकांनी ते सांगावं, आणि मुलांनी ते मिळेपर्यंत विचारत राहावं.

अनुभव वाढला की धोका कमी होतो, ही समजूतही खरी नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. हातमोजे होते, त्या वेळचे नियमही त्यांनी पाळले होते. पण ते रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांतच आरपार जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. जून 1997 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर जगभरात हातमोज्यांविषयीच्या सूचना बदलल्या. नुसता हातमोजा घालणं पुरत नाही, कशासाठी कोणता हातमोजा, हे माहीत असावं लागतं.

हे वाचून एखादी आई म्हणेल, मग माझ्या मुलीला प्रयोगशाळेत पाठवूच कशाला? ही काळजी मी खूप ऐकली आहे, आणि मुलींच्या बाबतीत जास्त ऐकली आहे. त्या आईला माझं सांगणं असं की शाळा-कॉलेजातली रसायनं विरल असतात, प्रमाण थोडं असतं, शेजारी शिक्षक आणि लॅब असिस्टंट उभे असतात. शिकायला याहून सुरक्षित जागा तिला पुढे मिळणार नाही. केस बांधलेले, सुती एप्रन, बंद बूट, डोळ्यांवर गॉगल. अ‍ॅसिड अंगावर उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, भिजलेला कपडा काढायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. त्यावर सोडा किंवा मलम चोळत बसायचं नाही. एवढं मुलीला घरीसुद्धा उपयोगी पडतं. बाथरूमचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं की क्लोरीन हा विषारी वायू निघतो, हे ज्या घरातल्या मुलीला माहीत आहे ते घर जास्त सुरक्षित आहे.

आणि कमला सोहोनींची आठवण ठेवा. 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, अटींवर प्रवेश मिळवला आणि काम करून दाखवलं. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतल्या पोषणद्रव्यांवर त्यांनी जे काम केलं, तेही हातानेच केलेलं प्रयोगशाळेतलं काम होतं.

आता करिअरचं बोलू. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून देशाचे ऑलिंपियाडचे संघ निवडले जातात. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये 50 पैकी 20 गुण प्रयोगाचे असतात, रसायनशास्त्रात 40 टक्के. नुसती गणितं सोडवून तिथे पोचता येत नाही. आयसरच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष संशोधन प्रकल्पाचं असतं. न्यायसहायक विज्ञान, पॅथॉलॉजी, अन्न व औषध तपासणी, पाणी आणि माती परीक्षण या सगळ्या वाटांवर रोजचं काम म्हणजे नमुना घेणं, तपासणं, नोंदवणं. न्यायसहायक प्रयोगशाळेतली एक सैल नोंद न्यायालयात अख्खा खटला पाडू शकते. डॉक्टर व्हायचं असेल तरी हेच. निर्जंतुक हात आणि अचूक नोंद ही त्या पेशाची पहिली पायरी आहे. लहान मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मग प्रकल्प असतो. 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदही भरते. तिथे मुलं आपल्याच गावचा प्रश्न घेऊन तपास करतात. बक्षिसाचा विचार न करता मुलाला एकदा तरी त्यात उतरवावं.

कॉलेजची प्रयोगशाळा बंदच असते, असं सांगणारी मुलंही येतात. त्यांना मी दोरीचा एक मीटर लांब लंबक करायला सांगतो. एका झोक्याचा वेळ मोबाइलवर मोजायचा, मग वीस झोक्यांचा मोजून वीसने भागायचा. वीस झोक्यांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. बटण दाबायला होणारा उशीर एका झोक्यात उत्तर बिघडवतो, वीस झोक्यांत तो वाटला जातो. दोरीची लांबी पाऊण मीटर, अर्धा मीटर करत जायचं आणि आलेख काढायचा. दुसरा प्रयोग दुधाचा. थोडं दूध उकळून थंड करायचं आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचे दोन थेंब त्यात टाकायचे. निळा रंग आला तर दुधात पिष्ट मिसळलेलं आहे. पण आधी मुद्दाम कॉर्नफ्लोअर मिसळलेलं दूध तपासायचं, म्हणजे निळा रंग कसा दिसतो ते माहीत असेल. या तुलनेशिवाय केलेल्या तपासणीला अर्थ नाही. सगळं एका वहीत, तारखेसह, पेनाने. तपासलेलं दूध ओतून द्यायचं.

घरचा लंबक मात्र ब्युरेटची जागा घेऊ शकत नाही. कॉलेज ही सोय देत नसेल तर ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, कारण तुम्ही प्रयोगशाळेची फी भरता. म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी प्रयोगशाळा उघडायला सांगा. नळ सोडून पाणी येतं का ते पाहा. अग्निशामकावरची तारीख वाचा. बाटल्यांवर लेबलं आहेत का, प्रथमोपचार पेटी कुलूपबंद तर नाही, आणि प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक जुलैपासूनचं आहे की जानेवारीपासूनचं, हे विचारा. उत्तर टाळलं गेलं तर कट-ऑफ कितीही मोठा असो, दुसरं कॉलेज बघा.