ओझे कोणाचे, भार कोणाचा?

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१–५, मार्क २:१–१२



हा पाठ घरात सर्वांनी मिळून वाचावा अशी विनंती आहे. आधी वरील दोन्ही शास्त्रभाग वाचा, मग पुढे या. मी सातपुड्यात, धडगावच्या बाजूच्या पाड्यांवर आरोग्यसेविकेचे काम करते. मागच्या हिवाळ्यात एका कुटुंबाने मला जे शिकवले ते सांगणार आहे. ते सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल. त्या घराची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे देत नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागातील पुष्कळ घरांना कुलूप लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो. या घरातील बाप त्या वर्षी बहिणीला जोडीला घेऊन गेला, कारण आठ वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार होता. आई, आजी, तो मुलगा आणि लहान मुलगी मागे राहिली.

तपासणी शिबिरात त्या आईचेही रक्त घेतले होते. अहवाल घेऊन मी गेले, अंगणात बसले आणि शेजारच्या बायांसमोर मोठ्याने सांगितले, “तू वाहक आहेस. तुझ्याकडून हा दोष मुलाकडे गेला.” बापाची तपासणी व्हायची होती, म्हणून त्याच्याविषयी काही बोलले नाही. अहवाल दिला, गोळ्या दिल्या, प्रार्थना केली आणि पुढच्या पाड्याला गेले. काम नीट झाले असे मला वाटले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत मुलाचे दुखणे उठले. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अति श्रम यांनी दुखणे बळावते. त्या रात्री मी शेजारच्या पाड्यावर मुक्कामाला होते. निरोप आला तेव्हा मुलगा ओरडूनही थकला होता.

पाड्यापर्यंत गाडी येत नाही. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, त्यात मुलाला घातले आणि चौघांनी ती खांद्यावर घेतली. सडकेला १०८ ची गाडी उभी होती, तिथपर्यंत अंधारात उतार उतरायचा होता. त्या चौघांपैकी एकच आपल्या मंडळीतला होता. दुसऱ्या एकाचा या घराशी दोन वर्षे बांधावरून वाद चालला होता. त्या रात्री बांधाचा विषय कोणी काढला नाही. एका बाईने शेळ्या आपल्याकडे नेल्या. आजीने लहानगीला पाठीशी बांधले. मी कंदील धरून पुढे चालले, एवढेच माझे काम.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील चौघे तुम्हाला आठवले असतील. त्यांची नावे शास्त्रात नाहीत. पक्षाघात झालेल्या माणसाला घरात नेता येईना म्हणून त्यांनी छप्पर उकलले. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे तिथे लिहिले आहे. त्या चौघांनी आजाऱ्याला त्याचा आजार कशामुळे आला हे विचारल्याचे कुठेही नाही. त्यांनी बाज उचलली.

रुग्णालयात सलाइन लावले, वेदना कमी करणारे औषध दिले, पहाटे मुलगा झोपला. तेव्हा ती आई मला म्हणाली, “ताई, याला बरं वाटलं की मी माहेरी जाते. सासू म्हणते, माझ्या रक्तानं पोर खाल्लं. तुम्हीच तर सांगितलं अंगणात.”

मला काही बोलता येईना. मी सांगितले ते खोटे नव्हते, पण ते अर्धे होते आणि ते सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवून मी निघून गेले होते.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. या वेळी मी आधी सुनेची परवानगी घेतली. मग त्याच अंगणात, त्याच बायांसमोर दोन वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटीत एक मक्याचा आणि एक तुरीचा दाणा ठेवला. सांगितले, “मका म्हणजे चांगला दाणा, तूर म्हणजे आजाराचा. मूल आईच्या वाटीतून एक आणि बापाच्या वाटीतून एक दाणा घेते. दोन्ही मक्याचे आले तर काही नाही. एक मक्याचा, एक तुरीचा आला तर ते मूल वाहक, पण सहसा ठणठणीत. दोन्ही तुरीचे आले तरच हा आजार.” मग आजीकडे वळले. “आजी, नातवाकडे दोन्ही दाणे तुरीचे आहेत. एक या वाटीतला. दुसरा कुठून आला?”

आजीने बराच वेळ वाट्यांकडे पाहिले. मग म्हणाली, “माझ्या पोराच्या वाटीतून. आणि त्याच्याकडे माझ्याकडून आला असेल, नाहीतर म्हाताऱ्याकडून.”

मी सर्वांसमोर म्हटले, “मागच्या वेळी मी अर्धेच सांगितले. चूक माझी आहे.” आजीने सुनेची माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन ती स्वतः पाण्याला गेली, आणि माहेरी जाण्याचे बोलणे पुन्हा निघाले नाही. मे महिन्यात बाप परतला, त्याने तपासणी करून घेतली. तोही वाहक निघाला.

आता गलतीकरांस पत्राकडे वळू. सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हणतो. हे परस्परविरुद्ध आहे का? मूळ ग्रीक भाषेत इथे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील ‘बारोस’ म्हणजे चिरडून टाकणारे वजन. पाचव्या वचनातील ‘फोर्तिऑन’ म्हणजे ज्याचे त्याने पाठीवर घेऊन चालायचे गाठोडे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू आपले ओझे हलके आहे असे म्हणतो, तिथेही हाच दुसरा शब्द आहे.

यातून आपल्या घरांसाठी तीन गोष्टी घेऊ.

पहिली. भार ज्याचा त्याचाच असतो. मुलाला पाणी पाजणे, उबेत ठेवणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या न चुकवणे, ताप आला की उशीर न करता दवाखाना गाठणे, हे त्या घराचे रोजचे गाठोडे आहे. ते मी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. पण मध्यरात्रीची झोळी एका घराला पेलत नाही. तिथे खांदा द्यायचा.

दुसरी. दोष देणे हे ओझे देवाने दिलेले नाही, ते आपण वर ठेवतो. सिकलसेल हा शाप नाही की कोणाचे पाप नाही. ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण तपासणीचा कागद प्रेमाने वाचून दाखवला नाही, तर तोच कागद घर मोडू शकतो.

तिसरी. ज्याला मदत मिळते त्यालाही मदत देण्याची पाळी आली पाहिजे. आमच्याकडे ‘लाह’ची रीत आहे. तुमच्याकडे इर्जिक किंवा सावड म्हणत असतील. पावसाआधी त्या घराची कौले उतरवून पुन्हा घालायची होती. पाड्यातील माणसे आली, दिवसभर राबली, उडदाची डाळ आणि भाकरी जेवली, मजुरी कोणी घेतली नाही. पुढच्या आठवड्यात तो बाप दुसऱ्याच्या घरावर चढला. बांधावरून वाद होता, त्याच शेजाऱ्याच्या.

आपण दाने पाठवतो, घोंगड्या पाठवतो. त्यासाठी आम्ही आपले आभारी आहोत. त्या झोळीची घोंगडीही आपणापैकी कोणाकडून तरी आलेली होती. पण ज्यांना आपण देतो त्यांच्याकडेही देण्यासारखे पुष्कळ आहे, हे विसरू नये.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. आपल्या घरात सध्या कोणावर पेलवणार नाही असे ओझे आहे? आजारपण, कर्ज, बेकारी, म्हातारपण?
२. त्या माणसाला आपण नकळत दोषही देत आहोत का?
३. ज्याच्याशी आपला ‘बांधाचा वाद’ आहे, त्याला या महिन्यात कोणत्या कामात हात देता येईल?

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, आमच्या घरांत जो थकला आहे त्याला आम्हाला दाखव. आमच्या शब्दांनी कोणाचे ओझे वाढले असेल तर आम्हाला क्षमा कर, आणि परत जाऊन ते उतरवण्याचे धैर्य दे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना आणि मागे राहिलेल्या लेकरांना सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.