वजन वाढले, दोष कोणाचा?

समजा, भातसानगरातील तुमच्या शेजारचे काका छिन्नमनस्कतेवर, म्हणजे स्किझोफ्रेनियावर, ठाण्याच्या मनोरुग्णालयातून (स्थापना १९०१) औषधे आणतात. भास थांबले, पण वजन वाढले. लोक त्यांना आळशी म्हणतात. हे बरोबर आहे का?

ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधे मेंदूतील हिस्टामिन या रसायनाचे कार्य अडवतात. त्यामुळे भूक वाढते. काकांची उंची १.६ मीटर व वजन ६४ किलो असेल, तर ६४ ÷ (१.६ × १.६) = २५. भारतीयांत येथून लठ्ठपणा धरतात. मग दम लागतो, मधुमेहाचा धोका वाढतो. चिडवणाऱ्यांमुळे माणूस घराबाहेर पडेनासा होतो. आजार आटोक्यात येऊनही जगण्यातली गोडी जाते.

औषध मात्र आपण होऊन बंद करू नये, आजार उलटतो. डॉक्टर ते बदलून देऊ शकतात. आणि तुम्ही? चिडवू नका, संध्याकाळी काकांबरोबर फिरायला जा!